जिस्ट कार्ड : पुण्यात बनलेल्या एका ग्राफिक्स कार्डाचा अभ्यास

ग्राफिक्स कार्डाचा विषय निघाला की हॉस्टेलमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात, एनव्हीडियावाले आणि रेडिऑनवाले. कोणाचा फॅन जास्त आवाज करतो इथपासून कोणाचा सीईओ जास्त हुशार इथपर्यंत सगळं निघतं, आणि शेवटी लाईट जाते तेव्हाच वाद मिटतो. या वादात एका कार्डाचं नाव कोणीच घेत नाही. ते पुण्यात तयार झालं, ग्राफिक्स हा शब्द त्याच्या नावातच होता, पण ते गेमसाठी नव्हतं. साध्या पी.सी.च्या स्क्रीनवर मराठी आणि भारतातल्या इतर भाषा दाखवणं एवढंच त्याचं काम. सी-डॅकचं जिस्ट कार्ड. जिस्ट म्हणजे ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी.

मॅनेजमेंटच्या पेपरला केस स्टडी लिहा म्हटलं की आपण एखादी अमेरिकन कंपनी धरतो. माझ्या मते जिस्टची केस त्यांच्यापेक्षा कुठेच कमी नाही. चांगलं प्रॉडक्ट, त्याच्या पायाखालची जमीन सरकणं, वरची माणसं बदलणं, सगळं तिच्यात आहे. शिवाय या केसचा परिणाम आपण आजही भोगतोय. तो कसा ते पुढे येईलच.

आधी थोडं बेसिक, फर्स्ट इयरवाल्यांसाठी. कॉम्प्युटर आणि आय.टी.वाल्यांनी हा भाग गाळला तरी चालेल, पण वायव्हाला विचारतात हे लक्षात ठेवा.

डॉसच्या काळात पी.सी.ची स्क्रीन म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळींचा एक तक्ता होता. एकूण २००० खणं. प्रत्येक खणासाठी मेमरीत दोन बाइट : एकात अक्षराचा नंबर, दुसऱ्यात त्याचा रंग वगैरे. कॅपिटल ए दाखवायचा तर प्रोग्रॅम त्या जागी फक्त ६५ हा आकडा ठेवायचा. ६५ म्हणजे कोणता आकार, हे डिस्प्ले कार्डावरच्या रॉममध्ये आधीच कोरलेलं असायचं. अशा आकारांची संख्या २५६. इंग्रजीचं काम त्यात आरामात भागतं. एक अक्षर, एक खण, एक आकार. डावीकडून उजवीकडे लावत जा, झालं.

आता आपल्या गावाचं नाव घ्या. रत्नागिरी. बोलताना आपण र, मग अर्धा त, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी असं बोलतो. अर्धा त म्हणजे त आणि हलन्त धरला तर हे नऊ तुकडे झाले. पण कागदावर दिसतात चारच अक्षरं. त्यातही ‘गि’ची वेलांटी बोलताना गच्या नंतर येते आणि लिहिताना गच्या आधी बसते. ‘त्ना’मध्ये त आपला अर्धा होऊन नला चिकटतो. मार्ग, कर्म अशा शब्दांतला रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. क्ष, ज्ञ, द्ध, ह्म यांचे आकार मूळ अक्षरांवरून ओळखूही येत नाहीत. सगळी जोडाक्षरं धरली तर शेकड्यांनी आकार लागतात, आणि प्रत्येकाची रुंदी वेगळी. २५६ आकारांच्या आणि सारख्या खणांच्या तक्त्यात हे कसं बसवणार? आपल्या बाराखडीचं कौतुक मला हा प्रश्न समजल्यावर खरं वाटायला लागलं. कॉन्व्हेंटमध्ये असताना ती नुसती पाठ करायची गोष्ट होती.

या प्रश्नावर आय.आय.टी. कानपूरमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या ग्रुपने काम केलं. १९८३ मध्ये तिथे देवनागरी टर्मिनलचा प्रोटोटाइप तयार झाला होता. त्याच कामात पुढे आलेलं एक नाव म्हणजे मोहन तांबे. त्यांच्या ग्रुपने घेतलेला मुख्य निर्णय सांगितला की अर्धा लेख संपल्यासारखा आहे : मेमरीत आकार साठवायचे नाहीत, उच्चार साठवायचे. ‘रत्नागिरी’साठी मेमरीत नऊ तुकडे बोलण्याच्या क्रमाने ठेवायचे आणि त्यांचे आकार कसे बनवायचे, वेलांटी कुठे सरकवायची, हे दाखवायच्या वेळी ठरवायचं. म्हणजे मजकूर वेगळा आणि त्याचं चित्र वेगळं.

याच विचारातून इस्की हे कोड आलं. आठ बिटांचं. पहिल्या १२८ जागा इंग्रजीच्या आस्कीला जशाच्या तशा आणि वरच्या १२८ जागा भारतीय लिपींना. गंमत म्हणजे ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिपींना एकच तक्ता. देवनागरीतला क, गुजरातीतला क, कन्नडमधला क यांचा नंबर एकच. त्यामुळे नावांची एखादी यादी देवनागरीत टाइप केली तर तीच यादी कन्नडमध्ये दाखवायला फक्त लिपी बदलायची, डेटा तोच. बेळगावसारख्या ठिकाणी याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. शिवाय कोडचा क्रम साधारण वर्णमालेचा असल्यामुळे मशीनला नावं अनुक्रमे लावता येतात. इस्कीचं १९८८ चं रूप इलेक्ट्रॉनिक्स विभागाचं होतं, आणि १९९१ मध्ये ते भारतीय मानक ब्यूरोचं स्टँडर्ड झालं, आय.एस. १३१९४. कीबोर्डसाठीही इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी ठरली होती : स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. रत्नागिरी लिहायला जे, एल, डी, व्ही, ई, आय, एफ, जे, आर एवढ्या नऊ कळा. वेलांटी गच्या नंतरच दाबायची, बोलतो तशी.

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि जिस्टचं काम तांब्यांबरोबर तिथे आलं. तिथे त्याचं पी.सी.च्या स्लॉटमध्ये बसणारं कार्ड झालं.

या कार्डाची युक्ती मला फार आवडते. डी-बेस, लोटस, वर्डस्टार ही त्या काळातली सॉफ्टवेअर्स मराठी ओळखत नव्हती आणि त्यांच्या अमेरिकन कंपन्या आपल्यासाठी ती बदलून देणार नव्हत्या. म्हणून जिस्टवाल्यांनी सॉफ्टवेअरला हातच लावला नाही. प्रोग्रॅम नेहमीप्रमाणे स्क्रीनच्या मेमरीत आकडे टाकायचा. मधे बसलेलं कार्ड ते आकडे बघायचं. १२७ पर्यंतचा आकडा असेल तर इंग्रजी. त्याच्या वरचा असेल तर आजूबाजूचे आकडे वाचून, जोडाक्षर जुळवून, वेलांटी जागेवर नेऊन ते अक्षर काढून दाखवायचं. प्रोग्रॅमला वाटायचं आपण इंग्रजीच दाखवतोय, आणि समोर बसलेल्या क्लार्कला मराठी दिसायचं. म्हणजे एका कार्डाने डॉसची बहुतेक टेक्स्टवाली सॉफ्टवेअर्स एका झटक्यात मराठी केली. हार्डवेअरमध्ये याच्याइतकी साधी आणि उपयोगी आयडिया मला तरी दुसरी माहीत नाही.

आता साहेबांकडे वळू. सी-डॅकचे पहिले कार्यकारी संचालक डॉ. विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. त्यांच्यावर मुख्य जबाबदारी होती सुपरकॉम्प्युटरची. परदेशातून हवा तसा सुपरकॉम्प्युटर मिळत नव्हता म्हणून तीन वर्षांत आपला बनवायचा, असं ते काम होतं, आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. देशभर सी-डॅकचं नाव झालं ते परममुळे. पेपरात फोटो परमचा, भाषणात उल्लेख परमचा. जिस्ट हा त्याच संस्थेतला एक ग्रुप. मला असं दिसतं की या कार्डाला दोन नेते होते. एक संस्था उभी करणारा आणि सरकारी दारं उघडणारा, दुसरा ‘त्ना’ कसा जुळवायचा हे आतून समजणारा. कार्डाचे दिवस चांगले होते तेव्हा दोघंही एका छपराखाली होते.

मग आलं विंडोज. १९९२ मध्ये ३.१, नंतर विंडोज ९५. विंडोजमध्ये ते २००० खणच राहिले नाहीत. प्रत्येक अक्षर ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः ठिपक्याठिपक्यांनी काढते. स्क्रीनच्या मेमरीत आता ६५ नसतो, नुसते पिक्सेल असतात. मधे बसून आकडे वाचणारं कार्ड काय वाचणार? कार्ड बिघडलं नव्हतं, महागही झालं नव्हतं. ज्या फटीत ते उभं होतं ती फटच बुजली.

नेमक्या याच दशकात माणसं बदलली. मोहन तांब्यांनी पुढे सी-डॅक सोडून बंगळूरला इनोमीडिया टेक्नॉलॉजीज ही कंपनी काढली. १९९८ मध्ये परम १०००० झाला आणि त्याच सुमारास डॉ. भटकरही संस्थेतून बाहेर पडले. त्यांच्यानंतर आर. के. अरोरा आले. डिसेंबर २००२ मध्ये मुंबईचं एन.सी.एस.टी. आणि आणखी दोन सरकारी संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाल्या आणि घर आणखी मोठं झालं. साहेब बदलणं हा गुन्हा नाही, सरकारी संस्थेत तर ते व्हायचंच. पण प्रॉडक्टची जमीन सरकत असताना ज्याच्या डोक्यात पहिला विचार आहे तो माणूस टेबलाशी असणं आणि नसणं यात फरक पडतो.

सी-डॅक हातावर हात ठेवून बसलं होतं असं मात्र कोणी समजू नये. कार्डाच्या जागी सॉफ्टवेअर आलं. लीप ऑफिस हा भारतीय भाषांचा वर्ड प्रोसेसर, त्याचा छोटा भाऊ आयलीप, आणि आय.एस.एम. नावाचं एक सॉफ्टवेअर, जे चालू केलं की वर्ड किंवा पेजमेकरमध्ये थेट मराठी टाइप करता यायचं. पण इथेच गोची झाली. विंडोजला तेव्हा जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. त्याला फक्त फाँट समजायचा, आणि फाँटात पुन्हा तेच, जेमतेम २५६ आकार. म्हणून आय.एस.एम.साठी आकारांचं कोड केलं गेलं : अर्धा त हा एक आकार, काना हा एक आकार, वेलांटी हा एक आकार. फाइलमध्ये साठवले जायचे ते हे आकार, दिसतील त्या क्रमाने. वेलांटी गच्या आधी. म्हणजे कानपूरमध्ये जे मोठ्या मेहनतीने वेगळं केलं होतं, मजकूर आणि चित्र, ते पुन्हा एक झालं.

हे फक्त सी-डॅकने केलं असंही नाही. पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरची आकृती, सगळ्यांनी हाच रस्ता धरला, आणि प्रत्येकाचा आकारांचा नंबर वेगळा. एकाच्या तक्त्यात ज्या जागी ‘क’ तिथे दुसऱ्याकडे उकार. याला मूर्खपणा म्हणणं सोपं आहे, पण मी म्हणणार नाही. डी.टी.पी.चं मार्केट समोर उभं होतं, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, बॅनर सगळ्यांना उद्या सकाळी हवे होते, आणि छापून झाल्यावर आतला कोड कोण बघतो? कागदावर अक्षर सुंदर आलं की काम झालं.

बघतो कोण, ते आम्ही यंदा बघितलं. मराठी विभागासाठी जुन्या अंकांतले काही लेख परत छापायचे ठरले. एका डी.टी.पी. सेंटरमधून त्या वेळी आलेली सी.डी. कपाटात होती आणि नशिबाने वाचताही आली. फाइल उघडली तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर यांची भेळ. फाँटचं नाव दिसत होतं, पण फाँट सी.डी.वर नव्हता. त्याच सी.डी.वरचा इंग्रजी विभाग एका क्लिकवर उघडला. मराठी लेख शेवटी छापील अंक समोर ठेवून दोघींनी परत टाइप केले, चार दिवस लागले. आपल्या कॉलेजचं एक वेळ ठीक. पण त्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्रात कॉम्प्युटरवर जे मराठी लिहिलं गेलं त्यातलं कितीतरी असंच बंद कुलपात आहे. शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, अनुक्रमे लावता येत नाही.

आता गेमवाल्यांसाठी हीच गोष्ट अमेरिकेतली, कारण तुलना केल्याशिवाय केस स्टडीला मार्क मिळत नाहीत.

थ्रीडीएफएक्स ही कंपनी रॉस स्मिथ, गॅरी टॅरोली आणि स्कॉट सेलर्स यांनी १९९४ मध्ये सुरू केली. १९९६ ला त्यांचं व्हूडू ग्राफिक्स आलं आणि पी.सी.वरचे गेम एका रात्रीत वेगळे दिसायला लागले. मजा म्हणजे पहिलं व्हूडू हेही मधे बसणारंच कार्ड होतं. नेहमीचं डिस्प्ले कार्ड वेगळं लागायचं, त्याची केबल व्हूडूत आणि व्हूडूची मॉनिटरला. त्यांनी गेम लिहिणाऱ्यांसाठी ग्लाइड नावाची स्वतःची भाषा दिली, जी फक्त त्यांच्या कार्डावर चालायची. सुरुवातीला ही त्यांची ताकद होती. पण मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टथ्रीडी आणि ओपनजीएल सगळ्या कार्डांवर चालायला लागलं आणि ग्लाइड मागे पडलं. ग्लाइडवर लिहिलेले जुने गेम आज चालवायला मधे रॅपर लागतो, तसाच आपल्या जुन्या फाँटना कन्व्हर्टर लागतो.

त्यांच्या साहेबांचं काय? ग्रेग बॅलर्ड सीईओ असताना डिसेंबर १९९८ मध्ये कंपनीने एस.टी.बी. सिस्टिम्स ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घ्यायचं जाहीर केलं. तोपर्यंत थ्रीडीएफएक्स चिप बनवायची आणि डायमंड, क्रिएटिव्ह वगैरे लोक त्यांची कार्डं करून विकायचे. आता कार्डंही आपणच विकणार म्हटल्यावर हे जुने गिऱ्हाईक एनव्हीडियाकडे गेले. नवीन चिपला उशीर होत गेला. १९९९ च्या अखेरीला बॅलर्ड गेले, त्यांच्या जागी ॲलेक्स लॉइप आले. व्हूडू ५ बाजारात यायला २००० चं मध्य उजाडलं आणि तोपर्यंत समोर जीफोर्स २ उभं होतं. डिसेंबर २००० मध्ये कंपनीने आपली मुख्य मालमत्ता एनव्हीडियाला विकायचं ठरवलं आणि २००२ मध्ये दिवाळं काढलं. नवा साहेब वाईट होता असं मला नाही वाटत. तो आला तेव्हा चुकीचा निर्णय आधीच चिपमध्ये आणि फॅक्टरीत जाऊन बसला होता.

याउलट एनव्हीडिया. तीही एकदा बुडता बुडता वाचली. १९९५ चं त्यांचं पहिलं कार्ड एनव्ही१ त्रिकोणांऐवजी वक्र पृष्ठांवर चालायचं, आणि मायक्रोसॉफ्टने डायरेक्टथ्रीडीसाठी त्रिकोण निवडले. जेन्सन हुआंग यांनी निम्म्याहून जास्त माणसं कमी केली, आपला लाडका डिझाइन टाकून दिला आणि १९९७ मध्ये त्रिकोणवालं रिवा १२८ काढलं. माणूस तोच राहिला, प्रॉडक्ट बदललं. १९९३ पासून आजपर्यंत तिथला सीईओ तोच आहे. म्हणून साहेब कधीच बदलू नये असं मी म्हणत नाही. पण जमीन सरकली तेव्हा काय टाकायचं आणि काय धरून ठेवायचं हे ठरवायला तिथे जुना माणूस होता, एवढं खरं.

जिस्टच्या केसमध्ये धरून ठेवायची गोष्ट कार्ड नव्हतंच, ती होती उच्चार साठवायची पद्धत. आणि इथे ही केस थ्रीडीएफएक्सपेक्षा वेगळी होते. ग्लाइड कंपनीच्या कपाटात होतं. इस्की मात्र सरकारी स्टँडर्ड म्हणून सगळ्यांसमोर होतं. १९९१ मध्ये युनिकोड आलं तेव्हा त्यात देवनागरीचा तक्ता घेतला गेला तो १९८८ च्या इस्कीवरून. थोडे फरक सोडले तर क्रम तोच, हलन्ताने जोडायची रीत तीच. विंडोज २००० मध्ये ऑपरेटिंग सिस्टीमच जोडाक्षरं जुळवायला शिकली. तिच्याबरोबर आलेला मंगल फाँट प्रा. र. कृ. जोशी यांचा. आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आजही विंडोज आणि लिनक्स दोन्हीत मिळतो. तुम्ही आत्ता मोबाइलवर रत्नागिरी लिहिलंत तर आत तेच नऊ तुकडे बसतात, त्याच क्रमाने, वेलांटी गच्या नंतर. कार्ड गेलं, ते बनवणारी माणसं पांगली, पण निर्णय टिकला, कारण तो कोणा एकाच्या खुर्चीवर अवलंबून नव्हता. मधल्या काळातलं आकारांचं कोड मात्र ज्या त्या कंपनीबरोबर अडकून राहिलं.

कन्व्हर्टर लिहिणं तसं अवघड नाही, मिनी प्रोजेक्टला छान विषय आहे. प्रत्येक फाँटसाठी दोन-अडीचशे ओळींचा एक तक्ता लागतो, कोणत्या जागी कोणता आकार. मग दोन ठिकाणी सरकवासरकव : वेलांटी पुढच्या अक्षराच्या मागे न्यायची, आणि रफार, जो जुन्या फाइलमध्ये अक्षरानंतर येतो, तो र आणि हलन्त करून त्या अक्षराच्या आधी आणायचा. ‘मार्ग’ आणि ‘र्मि’ हे दोन टेस्ट केस नक्की ठेवा, पहिल्या वेळी दोन्ही हमखास चुकतात. आम्ही एका फाँटचा तक्ता अर्धा केला आहे. जुन्या अंकांच्या फ्लॉपी, सी.डी. किंवा पेजमेकरच्या फाइली कोणा सरांकडे, मॅडमकडे किंवा माजी विद्यार्थ्यांकडे असतील तर मराठी विभागाकडे द्याव्यात, आणि शक्य झालं तर त्या वेळच्या मशीनवरचा फाँटसुद्धा. फाँट नसेल तर निदान त्याच अंकाची छापील प्रत हवी, म्हणजे भेळ आणि अक्षर शेजारी ठेवून तक्ता बनवता येईल.